रीडिंग जुळवू नकोस, का जुळत नाही ते शोध

पत्र: मी सांगलीत बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला आहे. गाव तासगाव तालुक्यातलं, घरी द्राक्षबाग आणि बेदाण्याचं शेड. अकरावी-बारावीत सगळा भर सीईटीवर होता, प्रॅक्टिकलची जर्नलं आम्ही एकमेकींची बघून पूर्ण केली. ब्युरेट (खाली तोटी असलेली, खुणांची उभी काचनळी) पहिल्यांदा हातात घेतली ती इथे आल्यावर. ऑक्झॅलिक ॲसिड आणि सोडियम हायड्रॉक्साइडच्या टायट्रेशनला (एक द्रावण थेंबाथेंबाने सोडून दुसऱ्याची स्ट्रेंथ काढायच्या प्रयोगाला) माझी रीडिंगं आली १०.९, १०.३, १०.२ मिली. मी सरासरी काढून उत्तर लिहिलं, तर मॅडमनी जर्नल परत दिलं. शेजारच्या टेबलावरच्या मुलीची तिन्ही रीडिंगं १०.० आहेत. ती म्हणते, तूही तेच लिही. माझा हात थरथरतो, नॉर्मॅलिटी आणि मोलॅरिटीत (द्रावणाची स्ट्रेंथ सांगायच्या दोन पद्धतींत) गोंधळ होतो, ओरलला बोलता येत नाही. केमिस्ट्री सोडून दुसरा विषय घेऊ का?

उत्तर: विषय बदलायचा विचार सध्या बाजूला ठेव. तुझ्या शेवटच्या दोन रीडिंगांत फरक ०.१ मिलीचा आहे, आणि कॉलेजातल्या ५० मिलीच्या ब्युरेटवरची सगळ्यात लहान खूणच ०.१ मिलीची असते. म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या वेळी तुझा हात त्या ब्युरेटला शोभेल इतका नीट चालला. अडचण आहे ती एकट्या १०.९ ची, आणि त्याहून जास्त ते सरासरीत धरण्याची.

हिशेब करून बघ. फ्लास्कमध्ये ०.१ नॉर्मल ऑक्झॅलिक ॲसिड १० मिली होतं असं धरू. तिन्हींची सरासरी १०.४७, त्यावरून (०.१ × १० ÷ १०.४७) सोडियम हायड्रॉक्साइड ०.०९५५ नॉर्मल येतं. शेवटच्या दोघांची सरासरी १०.२५, त्यावरून ०.०९७६ येतं. एका चुकीच्या रीडिंगने उत्तर दोन टक्क्यांनी हललं. मॅडमनी जर्नल परत दिलं ते बहुधा याचसाठी.

आता मुद्द्याची गोष्ट. टायट्रेशनमधली प्रत्येक चूक रीडिंगला एका ठरावीक दिशेने ढकलते. कोणती चूक रीडिंग वाढवते आणि कोणती कमी करते हे डोक्यात बसलं की आकडा पाहूनच काय चुकलं ते सांगता येतं. हे कौशल्य शिकवलं कमी जातं आणि प्रॅक्टिकलला लागतं मात्र रोज.

पहिलंच रीडिंग जास्त आलं, तर आधी ब्युरेटचं टोक बघ. स्टॉपकॉकच्या, म्हणजे तोटीच्या, खालच्या बारीक नळीत हवेचा बुडबुडा अडकतो. शून्यावर द्रावण आणताना तो दिसत नाही, कारण सगळं लक्ष वर असतं. टायट्रेशन चालू झालं की बुडबुडा निघून जातो आणि त्याची जागा द्रावण घेतं. ते द्रावण फ्लास्कमध्ये गेलेलंच नसतं, पण ब्युरेट ते मोजते. बुडबुडा लहान दिसला तरी रीडिंगात फरक पाडतो. उपाय सोपा आहे: ब्युरेट शून्याच्या वरपर्यंत भर, खाली बीकर धर, स्टॉपकॉक एका झटक्यात पूर्ण उघड, दोन-तीन मिली जोरात जाऊ दे, मग बंद कर. नळी काठोकाठ भरलेली दिसली पाहिजे. त्यानंतरच शून्य लाव, आणि वरचं फनेल आठवणीने काढ. फनेल तसंच राहिलं तर त्याच्या दांडीतला थेंब मध्येच ब्युरेटमध्ये पडतो आणि रीडिंग कमी येतं.

दुसरी शक्यता, ब्युरेट पाण्याने धुतली पण सोडियम हायड्रॉक्साइडने विसळली नाही. मग आतल्या पाण्याने द्रावण पातळ होतं, खालच्या नळीत तर निव्वळ पाणीच असतं, आणि पहिलं रीडिंग फुगतं. पाच-सहा मिली द्रावण घालून ब्युरेट आडवी फिरवायची, ते टोकातून सोडून द्यायचं, असं दोनदा. पिपेटही (नेमकं १० मिली द्रावण उचलायची नळी) ज्या द्रावणाची आहे त्याच द्रावणाने विसळायची. ती पाण्याने ओली राहिली तर ऑक्झॅलिक ॲसिड कमी जातं आणि रीडिंग घटतं. कॉनिकल फ्लास्क मात्र फक्त डिस्टिल्ड वॉटरने धुवायचा. तोही ऑक्झॅलिक ॲसिडने विसळला तर भिंतींना राहिलेलं ॲसिड जादा मोजलं जातं आणि रीडिंग वाढतं. फ्लास्कमध्ये डिस्टिल्ड वॉटर कितीही असलं तरी फरक पडत नाही, कारण पिपेटने टाकलेलं ॲसिड तेवढंच राहतं. मुली फ्लास्क कोरडा करायला फडकं शोधत बसतात, त्याची काही गरज नाही.

डिस्टिल्ड वॉटरच्या जागी नळाचं पाणी मात्र चालत नाही. कार्बोनेट आणि हायड्रोक्लोरिक ॲसिडच्या प्रयोगात हे लगेच दिसतं. बोअरच्या पाण्याची अल्कलिनिटी (ॲसिड खायची ताकद) लिटरला ३०० मिलीग्रॅम असेल, तर त्याचं १० मिली पाणी फ्लास्कमध्ये गेल्यावर ०.१ नॉर्मल ॲसिड ०.६ मिली जादा लागतं. जत, कवठेमहांकाळकडच्या मुलींना बोअरचं पाणी किती जड असतं ते सांगायला नको.

तिन्ही रीडिंगं तीन दिशांना गेली, काही पॅटर्नच नाही, असं झालं तर संशय थेट स्टँडर्ड फ्लास्कवर (ऑक्झॅलिक ॲसिडचं द्रावण ज्यात खुणेपर्यंत बनवतात त्यावर) घे. ऑक्झॅलिक ॲसिड विरघळवून खुणेपर्यंत पाणी घातलं आणि फ्लास्क नीट हलवलाच नाही, की खाली जाड आणि वर पातळ द्रावण राहतं. पिपेट कधी वरून भरते, कधी खालून. बूच घट्ट धरून फ्लास्क पूर्ण उलटा-सुलटा दहा-पंधरा वेळा कर. प्रत्येक वेळी मानेतली हवा बुडापर्यंत जाऊ दे. नुसतं गोल फिरवून मानेतलं पाणी मिसळत नाही.

वजन करताना एक सवय लाव. १०० मिली ०.१ नॉर्मल द्रावणासाठी ०.६३ ग्रॅम ऑक्झॅलिक ॲसिड लागतं (स्फटिकात पाण्याचे दोन रेणू असतात, म्हणून मोलर मास १२६ आणि इक्विव्हॅलंट वेट त्याच्या निम्मं, ६३, पाणी विसरून मोलर मास ९० धरलं की पुढचा सगळा हिशेब गेला). नेमकं ०.६३० यावं म्हणून वॉच ग्लासवरून कण उचलत वीस मिनिटं घालवू नकोस. ०.६४१ आलं तर ०.६४१ लिही. ०.६४१ भागिले ६३.०४, म्हणजे १०० मिलीत ०.०१०१७ इक्विव्हॅलंट, म्हणजे ०.१०१७ नॉर्मल. हा खरा आकडा पुढे वापर. वॉच ग्लासला चिकटलेले कण वॉश बॉटलने बीकरमध्ये उतरव, बीकर तीनदा थोड्या थोड्या पाण्याने धुऊन ते पाणी फ्लास्कमध्येच घाल, आणि शेवटचा अर्धा सेंटिमीटर ड्रॉपरने भर.

सोडियम हायड्रॉक्साइडचं वजन मात्र कितीही काळजीने केलंस तरी त्यावर भरवसा ठेवता येत नाही. ते हवेतला ओलावा ओढतं, कार्बन डायऑक्साइडही घेतं. पावसाळ्यात तर वॉच ग्लासवरच त्याला पाणी सुटायला लागतं. लिटरला ४ ग्रॅम घेतलं तरी नेमकं ०.१ नॉर्मल मिळत नाही, म्हणून तर ते ऑक्झॅलिक ॲसिडने तपासावं लागतं. तुझ्या शेजारणीचे १०.० वर तिन्ही आकडे बसतात ते हे विसरल्यामुळे. १०.० याचा अर्थ तिचं द्रावण अगदी बरोब्बर ०.१ नॉर्मल निघालं. बाटली एकच असेल आणि बाकीच्या बॅचची रीडिंगं १०.२-१०.३ असतील, तर हे तपासणाऱ्याला पहिल्या नजरेत कळतं.

तिचे आकडे लिहू नकोस, आणि त्याचं कारण फक्त पकडले जाण्याची भीती नाही. बाहेरच्या परीक्षकांसमोर बाटली वेगळी असेल, स्ट्रेंथ वेगळी असेल, शेजारीण नसेल. तिथे कामाला येईल ती एकच गोष्ट, की १०.९ आलं तर नळीत बुडबुडा होता का हे बघायची सवय. पहिलं रीडिंग पायलट, म्हणजे अंदाजाचं, म्हणून लिही, सरासरीत धरू नकोस. पुढच्या दोघांत ०.१ पेक्षा जास्त फरक आला तर चौथं घे. एखादं रीडिंग सोडलंस तर ते खोडून टाकू नकोस, शेजारी कारण लिही: ‘टोकात बुडबुडा’, ‘एंड पॉइंट (रंग बदलायचा क्षण) पुढे गेला’. असं जर्नल परीक्षकाला विश्वासाचं वाटतं.

आता हात आणि डोळा. थरथरणारा हात ही बहुतेक वेळा चुकीच्या पकडीची तक्रार असते. काचेचा स्टॉपकॉक असेल तर डावा हात ब्युरेटच्या मागून आणून अंगठा आणि दोन बोटांनी कॉक धर, किंचित आत ओढत फिरव, म्हणजे तो सैल होऊन गळत नाही. उजव्या हाताने फ्लास्क गोल फिरव. पिपेटवर अंगठा नको, तर्जनी ठेव. अंगठ्याने सूक्ष्म सोडणं जमत नाही. बोट ओलं गच्च असेल तर हवा आत जात नाही आणि फार कोरडं असेल तर पिपेट गळते, किंचित दमट हवं. तोंडाने ओढू नकोस, रबरी बल्ब माग. रिकामी करताना टोक फ्लास्कच्या भिंतीला टेकव, द्रावण आपोआप उतरू दे, थांबल्यावर दहा-पंधरा सेकंद तसंच ठेव आणि उचल. टोकात राहिलेला थेंब फुंकायचा नाही, तो वगळूनच पिपेटवर १० मिलीची खूण केलेली असते.

लॅब मोकळी असेल तेव्हा लॅब असिस्टंटना विचारून एक तपासणी कर. छोटा बीकर वजन कर, त्यात पिपेटने १० मिली डिस्टिल्ड वॉटर सोड, पुन्हा वजन कर. २७ अंशांच्या आसपास ते ९.९५ ग्रॅमच्या जवळ यायला हवं. पाच वेळा केलंस आणि पाचही वजनं ०.०३ ग्रॅमच्या आत राहिली, तर हाताची शंका कायमची मिटव.

डोळ्याची चूक अशी होते: ब्युरेट स्टँडवर उंच असते, शून्य लावताना मान वर करून बघतेस आणि शेवटचं रीडिंग डोळ्यासमोर घेतेस. एवढ्यानेच ०.१ जातं. क्लॅम्प खाली घे किंवा स्टुलावर चढ, पण दोन्ही वेळा मेनिस्कस (द्रावणाचा वाकलेला पृष्ठभाग) डोळ्याच्या समोर हवा. पाठीमागे पांढरा कागद धर. एंड पॉइंटजवळ आल्यावर एक थेंब साधारण ०.०५ मिलीचा असतो, त्याहून कमी हवा असेल तर थेंब टोकाला अर्धवट लोंबकळू दे, फ्लास्कची भिंत त्याला टेकव आणि वॉश बॉटलने खाली उतरव. फिनॉल्फ्थॅलीनचा (एंड पॉइंट दाखवणाऱ्या इंडिकेटरचा) गुलाबी अगदी फिकट हवा, अर्धा मिनिट टिकला की पुरे. त्यानंतर तो हळूहळू गेला तर घाबरून आणखी थेंब घालू नकोस, हवेतला कार्बन डायऑक्साइड तो खातो. इंडिकेटरचे एक-दोन थेंब बास, तो स्वतःच सौम्य ॲसिड आहे.

घरी सराव करायचा असेल तर सांगलीची हळद हाताशी आहेच. चिमूटभर हळद दोन चमचे सर्जिकल स्पिरिटमध्ये हलवून वरचा पिवळा भाग घे (जवळ दिवा-गॅस नको). खायचा चुना पाण्यात कालवून बाटली बूच लावून रात्रभर ठेव, सकाळी वरची निवळी हळूच काढ. निवळीचे ५ मिली सिरिंजने स्वच्छ वाटीत घे, हळदीचे तीन-चार थेंब टाक, रंग लालसर तपकिरी होईल. हळद आणि चुन्याचं कुंकू होतं ते याच बदलाने. ४ टक्क्यांचं पांढरं व्हिनेगर दहापट पातळ करून, म्हणजे १० मिलीचं १०० मिली करून, दुसऱ्या सिरिंजने थेंबाथेंबाने सोड. साधारण ३ ते साडेतीन मिलीला रंग पिवळा होतो. पुन्हा पुन्हा कर आणि दोन वेळच्या आकड्यांत ०.२ मिलीपेक्षा जास्त फरक पडेनासा झाला की पुरे. चुना डोळ्यात जाणार नाही एवढं जप, आणि निवळी उघडी ठेवू नकोस, वर साय धरते आणि स्ट्रेंथ उतरते.

नॉर्मॅलिटीचा गोंधळ ‘एन-वन व्ही-वन’ सूत्र आधी पाठ केल्यामुळे होतो. काही दिवस ते सूत्र वापरूच नकोस, मोलनेच चाल. ऑक्झॅलिक ॲसिडचा एक रेणू दोन हायड्रोजन देतो, म्हणून ०.१ नॉर्मल म्हणजे ०.०५ मोलर. त्याचे १० मिली म्हणजे ०.५ मिलीमोल. एका ऑक्झॅलिकला दोन सोडियम हायड्रॉक्साइड, म्हणजे १ मिलीमोल लागलं. ते १०.२५ मिलीत होतं, म्हणून ०.०९७६ मोलर. सोडियम हायड्रॉक्साइडला मोलर आणि नॉर्मल एकच, म्हणून उत्तर सूत्राने आलेलंच येतं.

पुढे पोटॅशियम परमँगनेट येईल. आम्ल द्रावणात त्याचा एक रेणू पाच इलेक्ट्रॉन घेतो, म्हणून ०.१ नॉर्मल म्हणजे ०.०२ मोलर. पाच ऑक्झॅलिकला दोन परमँगनेट. तेच ०.५ मिलीमोल ऑक्झॅलिक, म्हणजे ०.२ मिलीमोल परमँगनेट. रीडिंग ९.८ आलं तर ०.०२०४ मोलर, पाचने गुणलं की ०.१०२ नॉर्मल. दोन्ही वाटांनी उत्तर जुळेपर्यंत पाच-सहा उदाहरणं सोडव, मग सूत्र वापर.

त्या प्रयोगात पहिलाच थेंब फसवतो. फ्लास्क ६० ते ७० अंशांपर्यंत गरम करून परमँगनेट सोडलं की पहिल्या थेंबाचा गुलाबी बराच वेळ जात नाही आणि एंड पॉइंट आला असं वाटतं. तो नसतो. ही क्रिया सुरुवातीला मंद असते, तिच्यातूनच तयार होणारं मँगनीज तिला वेग देतं. पहिला थेंब पूर्ण जाईपर्यंत फ्लास्क फिरवत राहा, पुढचे थेंब भराभर विरतात. ऑक्झॅलिकच्या १० मिलीला २ नॉर्मल सल्फ्युरिक ॲसिड १० मिली घाल. ते विसरलं किंवा परमँगनेट घाईने ओतलं तर तपकिरी गढूळपणा येतो, तो प्रयोग टाकून नव्याने घे. हायड्रोक्लोरिक चालत नाही, परमँगनेट त्यातलं क्लोराइड खातं. द्रावण गडद असल्याने इथे मेनिस्कसची वरची कड वाचायची, शून्यालाही आणि शेवटालाही.

बेदाण्याच्या शेडचा उल्लेख केलास म्हणून एक सुचवते. द्राक्षं बुडवायला डिपिंग ऑइलसोबत पोटॅशियम कार्बोनेट वापरतात. मॅडमची परवानगी घेऊन त्यातलं ०.६९ ग्रॅम लॅबमध्ये तोल आणि १०० मिली द्रावण कर. त्याचे १० मिली घेऊन ०.१ नॉर्मल हायड्रोक्लोरिकने फिनॉल्फ्थॅलीन वापरून टायट्रेट केलंस तर रंग ५ मिलीच्या आसपासच जाईल. त्याच फ्लास्कमध्ये मिथाइल ऑरेंज (दुसरा इंडिकेटर) टाकून पुढे चालू ठेव, पिवळ्याचा नारिंगी व्हायला आणखी तितकंच ॲसिड लागेल. पहिल्या निम्म्यात कार्बोनेटचं बायकार्बोनेट होतं आणि तिथेच फिनॉल्फ्थॅलीन थांबतो. एकूण १० पेक्षा कमी आलं तर पोत्यातल्या मालाने ओलावा धरला आहे किंवा भेसळ आहे. इंडिकेटर निवडायचा कसा हे एवढ्या एका प्रयोगात कळतं: ऑक्झॅलिकला फिनॉल्फ्थॅलीनच हवा, कार्बोनेट पूर्ण मोजायला मिथाइल ऑरेंज.

सॉल्ट ॲनालिसिसचं (क्षारात कोणते धातू आहेत ते ग्रुपवार शोधायचं) तू विचारलं नाहीस, पण ते येईलच. तिसऱ्या ग्रुपला अमोनियम हायड्रॉक्साइडच्या आधी अमोनियम क्लोराइड भरपूर घाल, नाहीतर मॅग्नेशियमसुद्धा तिथेच खाली बसतं. आणि दुसऱ्या ग्रुपनंतर उकळून हायड्रोजन सल्फाइड पूर्ण घालव, मग नायट्रिक ॲसिडचे थेंब टाकून पुन्हा उकळ, म्हणजे फेरसचं फेरिक होतं आणि लोह पूर्ण उतरतं.

ओरलला प्रश्न बहुतेक वेळा याच गोष्टींचे असतात: फ्लास्क द्रावणाने का विसळत नाहीत, ऑक्झॅलिक ॲसिड प्रायमरी स्टँडर्ड (ज्याच्या वजनावर भरवसा ठेवता येतो असं) का आणि सोडियम हायड्रॉक्साइड का नाही, परमँगनेटला गरम का करायचं. उत्तराचा मुख्य शब्द इंग्रजीत आणि कारण मराठीत सांगितलंस तरी बहुतेक परीक्षक ऐकून घेतात. अडलीस तर ‘मराठीत सांगू का’ असं सरळ विचार. येत्या प्रॅक्टिकलला मॅडमना सांगून तोच प्रयोग पुन्हा लाव, आधी नळीतला बुडबुडा बघ, चार रीडिंगं घे आणि परत आलेलं जर्नल त्या आकड्यांनी पूर्ण कर.